‘यंदा तरी होईल का हो बिल पास?’

समुपदेशक म्हणून अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांशी ऑनलाइन बोलायला लागल्यापासून एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न मनाविषयी नसतोच, तो वॉशिंग्टनविषयी असतो. ‘यंदा तरी होईल का हो बिल पास?’ नवरा विचारतो, बायको विचारते, इकडे सांगलीत किंवा कोथरूडमध्ये बसलेले आईवडीलही विचारतात. जणू सिनेटमध्ये माझं कुणी ओळखीचं आहे! झोप लागत नाही, पित्त वाढलंय, घरात सारखी खडाजंगी होते, हे सगळं नंतर हळूहळू बाहेर येतं.

ज्यांच्या घरात हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे ‘बिल’ म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतल्यांना दिलासा देऊ पाहणारं विधेयक; ते अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीनकार्डं देते, आणि त्यात बायकामुलंही धरलेली असतात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली ७ टक्क्यांच्या आसपासच येतात. हे गणित १९९० च्या कायद्यातलं आहे. त्यानंतर भारतातून किती इंजिनिअर गेले हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे रांग लांबतच गेली. २०२५ च्या अखेरीस एका मोठ्या गटात २०१३ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. चौथ्या वर्षी आईचं बोट धरून गेलेली मुलगी एकविसाव्या वाढदिवसाला कायद्याच्या लेखी परकी ठरू शकते.

आता ज्या कुटुंबाबद्दल सांगणार आहे, त्यात तीन-चार घरांचे तपशील मिसळले आहेत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. न्यू जर्सीतलं घर. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, २०११ साली गेलेला, ग्रीनकार्डच्या रांगेतली त्याची तारीख २०१६ ची. बायको फार्मसी शिकलेली. एकुलती एक मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात. बायकोने सत्र ठरवलं ते वेगळ्याच कारणासाठी. दिवाळीच्या फराळाला तिच्या भावाकडे सगळे जमले होते आणि तिथे हा आणि तिचा भाऊ इतके भांडले की ताटं तशीच टाकून ही मंडळी घरी आली. भाऊ आता अमेरिकन नागरिक आहे, रिपब्लिकन पक्षाला मत देतो. ह्याला मतच नाही, पण सहानुभूती डेमोक्रॅटिक पक्षाकडे.

‘मॅडम, २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं सुधारणा बिल पास केलं होतं. दोन्ही पक्षांचे चार-चार सिनेटर एकत्र बसून केलेलं. रिपब्लिकन स्पीकर बेनर यांनी ते प्रतिनिधीगृहात मतदानाला आणलंच नाही. आणि हा मला म्हणतो, आमचा पक्ष कायदेशीर लोकांच्या बाजूचा आहे!’

‘मग तुमचे मेव्हणे काय म्हणाले?’

तो जरा थांबला. ‘म्हणाला, २०१९ मध्ये आडवा आलेला डर्बिन कुठल्या पक्षाचा होता?’

मेव्हण्याचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. देशनिहाय मर्यादा काढून टाकणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ असं प्रचंड बहुमताने मंजूर केलं. सिनेटमध्ये त्याच आशयाचं विधेयक एकमताच्या मार्गाने नेण्याचा प्रयत्न त्या वर्षी अनेकदा झाला. या मार्गात वेळ वाचतो, पण एकाही सदस्याने हरकत घेतली की गाडी जागच्या जागी थांबते. आधी रँड पॉल, मग पर्ड्यू, हे दोघे रिपब्लिकन. नंतर डर्बिन, डेमोक्रॅट. डर्बिन यांचं म्हणणं होतं की रांगेतले नंबर नुसते इकडचे तिकडे करून काय उपयोग, एकूण ग्रीनकार्डंच वाढवा. अखेर २ डिसेंबर २०२० ला सिनेटनेही ते मंजूर केलं, पण बदल करून. दोन्ही सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची, म्हणजे दोन वर्षांसाठीच्या संसदेची, मुदत संपली आणि विधेयक आपोआप बाद झालं. दोन्हीकडे मंजूर, तरी कायदा नाही!

हे सगळं मी त्याच्याकडूनच शिकले. फिलिबस्टर म्हणजे चर्चा लांबवून विधेयक कसं अडवतात, ती चर्चा थांबवणाऱ्या ‘क्लोचर’ ठरावाला साठ मतं कशाला लागतात, २०२१ मध्ये सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकारी मॅकडोना यांनी अर्थसंकल्पी विधेयकातून स्थलांतराच्या तरतुदी तीनदा कशा नाकारल्या, हे तो न अडखळता सांगत असे. जुलै २०२५ मध्ये सीमा आणि धरपकडीसाठी अब्जावधी डॉलरची तरतूद असलेला कायदा साठ मतांची गरज नसलेल्या त्याच अर्थसंकल्पी वाटेने, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी पार पडला. त्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, पैशाला एक्कावन्न पुरतात, माणसांना साठ लागतात.’ वाक्य मला आवडलं आणि काळजीही वाटली. इतकं घोटलेलं वाक्य माणूस रात्री दोन वाजता छताकडे बघत तयार करतो.

ज्या विचारपद्धतीत मी घडले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. तिच्यात घटनेइतकंच, किंबहुना जास्त, त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय धरून ठेवलंय ते तपासायचं असतं. पक्षाचा राग, मेव्हण्याशी वाद, सिनेटचं थेट प्रक्षेपण हे सगळं वरवरचं होतं. खाली काय आहे ते मला बघायचं होतं. मी त्याला एक काम दिलं: कागदाच्या डाव्या बाजूला प्रत्येक विधेयकाची तारीख लिहा, आणि उजवीकडे, त्या वेळी ‘बिलाचं काय होतं ते बघू’ म्हणून घरातलं काय पुढे ढकललं ते. त्याला हे पोरकट वाटलं. डावी बाजू त्याने लगेच भरली, मतांच्या आकड्यांसकट. उजवी बाजू पुढच्या सत्रापर्यंत कोरीच होती. म्हणून मी सांगितलं, उजवी बाजू बायको आणि मुलगी भरतील.

त्या दिवशी पडद्यावर तिघंही होते. माझी सकाळ, त्यांची जेवणं आटोपलेली रात्र. बायकोने वाचायला सुरुवात केली.

‘जून २०१३. घर घ्यायचं, बिल झाल्यावर. जुलै २०१९. टोरांटोची नोकरी, नाकारली. डिसेंबर २०२०. माझा फार्मसीचा परवाना, पुढच्या वर्षी. डिसेंबर २०२२, ते दुसरं बिल मतदानाला येणार म्हणाले आणि आलंच नाही तेव्हा. आईंचं सहस्रचंद्रदर्शन, व्हिडिओवर पाहिलं. फेब्रुवारी २०२४.’ इथे ती थांबली आणि मुलीकडे पाहिलं.

मुलगी म्हणाली, ‘माझ्याशी बोलायचं होतं. निकालानंतर.’

फेब्रुवारी २०२४ चं ते विधेयक लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा या तीन सिनेटरांनी घडवलेलं. मुख्यतः सीमेचं होतं, पण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या मुलांना एकविशीनंतरही संरक्षण देणारी तरतूद त्यात होती. ट्रम्प विरोधात गेले, बहुतेक रिपब्लिकन मागे फिरले, काही डेमोक्रॅटांनाही ते फार कडक वाटलं. ४९ विरुद्ध ५०. हवी होती साठ.

‘पण यात माझा काय दोष, मॅडम?’ तो म्हणाला. ‘कायदाच असा आहे.’

मी काही बोलण्याआधी बायकोच बोलली. ‘बेनरनी बिल सभागृहापुढे आणलंच नाही म्हणून तू इतकी वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडतोस. टोरांटोचं पत्र आलं तेव्हा तू ते आमच्यापुढे आणलंस? तू नाही म्हणून कळवलंस, आणि मला नंतर कळलं.’

‘तुम्हाला उगाच टेन्शन नको म्हणून...’

‘एकाची हरकत,’ मुलगी म्हणाली, ‘विषय बंद.’

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो हळूच म्हणाला, ‘म्हणजे घरात मीच फिलिबस्टर करतोय?’

‘बाबा, फिलिबस्टर करणाऱ्याला पूर्वी निदान उभं राहून बोलावं तरी लागायचं.’

बायकोला हसू आवरेना. मग तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. अशा क्षणी समुपदेशकाने गप्प राहायचं असतं. ते मला अनुभवाने साधलं आहे, एवढं म्हणायला हरकत नसावी. नव्याने काम करणारी मुलं अशा वेळी घाईने सांत्वन करतात आणि उमललेलं मिटवून टाकतात.

मला त्या तासात जे दिसलं ते असं. आशा हा त्याचा आजार नव्हता. आशा असावी. त्याने आशेला एक अट जोडली होती: अनिश्चितता संपल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. ही अट त्याला समंजसपणाची वाटत होती, कारण ती सबुरीसारखी दिसते. पण विधेयकाची चर्चा दर दोन वर्षांनी नव्याने सुरू होते, मुलांना संरक्षण देणारं एक विधेयक तर २०२१ मध्ये दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने आलं आणि २०२३ मध्ये पुन्हा आलं, त्यामुळे वाट पाहायला कारणाची कधीच कमतरता नव्हती. सगळी विधेयकं वॉशिंग्टनमध्ये अडली हे खरं. टोरांटो, परवाना, सहस्रचंद्रदर्शन आणि मुलीशी बोलणं मात्र त्याच्या जेवणाच्या टेबलावर अडलं होतं.

पक्षावरचा रागही मला तेव्हाच नीट उमगला. ज्याच्याकडे मत नाही, त्याला रागावल्यावर आपण काहीतरी केलं असं वाटतं. मेव्हण्याशी तासभर भांडून तो घरी येई तेव्हा थकलेला असे, आणि थकवा कामाचा असल्यासारखा भासे.

मुलीशी बोलणं त्याच सत्रात झालं. ती कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीत पहिल्याच सेमिस्टरला जाऊन आली होती. एकविशीच्या आत विद्यार्थी व्हिसावर जायला अर्ज कधी करावा लागेल, फी वाढेल का, नोकरी कितपत करता येईल, सगळं तिच्या फोनमध्ये लिहिलेलं. ‘तू बातम्या बघत असायचास,’ ती म्हणाली, ‘मला वाटायचं, मी हे काढलं तर तुला वाटेल मी हार मानली.’ बाप-लेकीने तिथेच वकिलाला भेटण्याचा दिवस ठरवला. पुढे त्या वकिलाने त्यांना एक उपयोगी गोष्ट सांगितली: मुलाचं वय मोजताना मालकाचा अर्ज सरकारकडे जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा होतात, २००२ च्या कायद्याप्रमाणे. त्यांच्या बाबतीत त्याने फारसा फरक पडत नव्हता. काही घरांत पडतो, म्हणून विचारून घ्यावं.

आता ज्यांच्या घरात हेच चाललंय त्यांच्याशी थोडं.

बातम्या बंद करा, असं मी कुणाला सांगत नाही. ज्याचं सगळं आयुष्य त्या रांगेला बांधलंय त्याला हा सल्ला देणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण कोणत्या तारखेच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन महिन्यातून एकदा येतं, ते महिन्यातून एकदाच वाचावं. विधेयक नुसतं मांडलं गेलं, समितीत गेलं, कुणा सिनेटरने ट्वीट केलं, यातल्या कशानेही तुमचा नंबर पुढे सरकत नाही. दर काँग्रेसमध्ये हजारो विधेयकं मांडली जातात, कायदा होतात त्यातली थोडीच. सप्टेंबर २०२५ मध्ये एका शुक्रवारी एच-वन-बीसाठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, तेव्हा सुट्टीवर आलेले लोक रातोरात विमानतळावर धावले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ते नव्या अर्जांपुरतं आहे. त्या शनिवारी-रविवारी माझा फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. वकिलाचं उत्तर येईपर्यंत पिशवी भरू नका, एवढंच मी सगळ्यांना सांगत होते.

निर्णयांना स्वतःची तारीख द्या. ‘बिल झाल्यावर’ ही तारीख नव्हे. घर घ्यायचं की नाही, आईला भेटायला यायचं की नाही, दुसऱ्या देशात अर्ज करायचा की नाही, यासाठी कॅलेंडरवरचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी हातात जेवढी माहिती असेल तेवढ्यावर ठरवा. उत्तर ‘थांबू या’ असलं तरी चालेल, फक्त ते सगळ्यांनी मिळून दिलेलं असावं. ह्या कुटुंबाने पुढे टोरांटोचा विचार पुन्हा केला आणि न जायचं ठरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही. बायको मात्र परवान्याच्या परीक्षेला बसली.

मुलांना सोळा-सतराव्या वर्षी सगळं स्पष्ट सांगा. त्यांना बहुधा माहीत असतं. कॉलेज निवडताना हा हिशेब त्यांच्यासमोर असला पाहिजे, कारण कोणत्या राज्यात कोणाला स्थानिक दराची फी लागू होते याचे नियम वेगवेगळे आहेत.

नातेवाइकांशी पक्षावरून वाद होणारच असेल तर होऊ द्या, पण आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: या वादानंतर माझ्या घरातला कुठला विषय सुटणार आहे? ज्यांना मत आहे त्या मेव्हण्याला भांडणाऐवजी एक विनंती करता येते, त्यांच्या मतदारसंघातल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहायची. आमच्या गोष्टीतल्या मेव्हण्याने ते लिहिलं. पत्रात भाचीबद्दल लिहिलं, पक्षाबद्दल एक शब्द नाही, आणि पाठवण्याआधी मसुदा तपासायला ह्याच्याकडेच धाडला. ह्याने त्यात सात दुरुस्त्या सुचवल्या. मेव्हण्याने चार स्वीकारल्या.

आणि इथल्या आजी-आजोबांना: फोन लागल्यावर पहिला प्रश्न ‘बिलाचं काय झालं?’ हा नको. बिलाचं काही झालं तर ते तुम्हाला रात्री अडीचलाही फोन करून सांगतील. नातीला तिच्या परीक्षेचं विचारा, सुनेला तिच्या नव्या नोकरीचं.