मेलबर्नमध्ये तीनच दिवस हाताशी असतील, तर तेथील बहुसांस्कृतिक जीवन पाहण्यासाठी कोठे जावे?

पहिला दिवस शहराच्या मध्यभागासाठी ठेवावा, कारण तेथील ठरावीक क्षेत्रात ट्रामचा प्रवास विनामूल्य असतो; मात्र त्या हद्दीबाहेर तिकीट लागते आणि नवखा प्रवासी नेमका तेथेच फसतो. १८५०च्या दशकातील सोन्याच्या शोधात आलेल्या चिनी लोकांनी लिटल बर्क स्ट्रीटवर वसवलेली वस्ती आजही गजबजलेली आहे, तर फ्लिंडर्स स्ट्रीटवरील जुन्या कस्टम्स हाऊसमधील इमिग्रेशन म्युझियममध्ये स्थलांतरितांच्या कहाण्या मांडलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट रिकामे ठेवूनच, १८७८ पासून भरणाऱ्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये जावे. तेथे पालक आणि चीज भरलेला गरमागरम बोरेक (तुर्की पद्धतीची पेस्ट्री) कागदी पिशवीत मिळतो, आणि तो उभ्यानेच खाताना शेजारच्या गाळ्यावरून मासळीवाल्यांच्या आरोळ्या ऐकू येतात; मंडईत वाढलेल्या माणसाला हे वातावरण परके वाटत नाही. सोमवारी व बुधवारी हा बाजार सहसा बंद असतो. तेथून जवळच असलेल्या कार्लटनमधील लायगन स्ट्रीट इटालियन उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु माझ्या मते तिची कीर्ती चवीपेक्षा थोडी मोठी आहे.

तिसरा दिवस उपनगरांचा. व्हिएतनामी फो, म्हणजे नूडल्सचे सूप, खायचे असल्यास रेल्वेने फुट्सक्रे गाठावे. भारतीय किराणा आणि मिठाई हवी असल्यास डँडेनाँगची लिटल इंडिया आहे. हवा दिवसातून अनेकदा पालटते, म्हणून उन्हाळ्यातही जाकीट सोबत असू द्यावे.