मालिका संपली, पण साडेसात रोज वाजतात

समुपदेशनासाठी माझ्याकडे आली त्या पहिल्या भेटीत ती तासभर बोलली आणि त्या तासात तिचा उजवा हात निदान वीसेक वेळा गळ्याशी गेला. बोटं काहीतरी चाचपायची, हाताला काही लागायचं नाही, मग हात पुन्हा मांडीवर. मी विचारलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

"मंगळसूत्र," ती म्हणाली. "म्हणजे माझं नाही. माझं लग्नच झालेलं नाही. तिचं."

'ती' म्हणजे मालिकेतली थोरली सून. साडेतीन वर्षं, आठवड्याला सहा, असे हजाराच्या वर भाग हिने ती सून केली होती. शेवटच्या दिवशी पॅकअप झाल्यावर कॉस्च्युमच्या दादांनी वहीत खुणा करत साड्या, बांगड्या, जोडवी मोजून घेतली आणि सगळ्यात शेवटी मंगळसूत्र. दुसऱ्या दिवसापासून सेट तोडायला घेतला, कारण त्याच जागेत नव्या मालिकेचं घर उभं करायचं होतं.

हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच देत नाही. दुसऱ्या कुणाचं तरी एक नाव तिला आधीच चिकटलेलं आहे.

तिला माझ्याकडे आणलं आईने. आईचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, एवढं नाव मिळालं, लोक रस्त्यात थांबवून फोटो काढतात, आणि ही पोरगी दिवसभर पडदे ओढून पडलेली असते. हिला नक्की कमी काय आहे?" हाच प्रश्न मला एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पत्नीने विचारला होता, बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या एका गृहस्थांच्या मुलानेही. तेव्हा ही गोष्ट अभिनेत्रीची असली तरी काळजी फक्त तिच्या आईची नाही.

तक्रारी ऐकल्या. पहाटे तीनला झोप, दुपारी बाराला जाग. संध्याकाळी साडेसात वाजले की छातीत धडधड, कारण साडेसात हा त्यांच्या मालिकेचा स्लॉट. गुरुवारी पोटात गोळा. गुरुवारीच का, तर आठवड्याचे टीआरपीचे आकडे त्या दिवशी येतात. आकडा घसरला की शुक्रवारी नवा ट्रॅक, म्हणजे कथेला नवं वळण, नवे सीन आणि सेटवर सगळ्यांचे चेहरे पडलेले. मालिका संपून चार महिने झाले होते, पण तिच्या पोटाला ते कुणी कळवलंच नव्हतं.

चार महिने हा आकडा मी वहीत अधोरेखित केला. या क्षेत्रात कलाकाराचा मोबदला दिवसावर ठरतो आणि तो हातात पडायला साधारण नव्वद दिवस लागतात. म्हणजे मालिका बंद झाली तरी पुढचे तीन महिने खात्यात पैसे येत राहतात. घराचा हप्ता जातो, आईला पैसे जातात, सगळं चालू आहे असंच वाटतं. चौथ्या महिन्यात खातं गप्प होतं. तिची झोप उडाली ती त्याच सुमाराला. तिला वाटत होतं की आपण मनाने कमकुवत आहोत. मी तिला बँकेचं पासबुक आणि झोपेची नोंद शेजारी शेजारी ठेवून दाखवली. घाबरायला खरंच कारण होतं, आणि ते कारण कागदावर दिसल्यावर ती थोडी सैल झाली.

आधीच्या पिढीचं असं नव्हतं, हे मी तिच्या आईलाही समजावलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 साली. त्या काळात मालिका आठवड्यातून एकदा लागायची, बऱ्याचदा तेरा भागांत संपायची. कित्येक नट-नट्या बँकेत, सरकारी कचेरीत, शाळेत नोकरी करून अभिनय करायच्या. मालिका संपली तर सोमवारी टेबल होतंच. खासगी वाहिन्यांवर रोजच्या मालिका आल्या आणि चित्र पालटलं. 2001 मध्ये सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' तर तीन हजारांहून अधिक भाग चालली. रोजच्या मालिकेत मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीला दुसरं काही करताच येत नाही. बारा तासांची शिफ्ट, त्यात मढ, घोडबंदर रोड नाहीतर गोरेगावची चित्रनगरी गाठायचा प्रवास. केस कापायचे नाहीत, उन्हात रापायचं नाही, वजन वाढवायचं नाही, कारण कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये तीच तशीच दिसायला हवी. कधी उठायचं, काय नेसायचं, कधी जेवायचं, कधी रडायचं, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. साडेतीन वर्षं असं जगल्यावर एका सकाळी कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, येत नाही. त्या दिवशी माणसाने नेमकं काय करावं?

पहिल्याच भेटीत मी तिच्याकडून पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती असे साधे प्रश्न असतात. सत्तावीसपैकी तिचे तेरा आले, म्हणजे मध्यम त्रास. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे तिने 'अजिबात नाही'वर खूण केली होती, तरी मी तोंडी पुन्हा विचारलं. मी नेहमीच विचारते. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. असलेच तर बोलायला वाट मिळते. तिचं उत्तर वेगळं असतं तर मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बाकीच्या रक्ताच्या तपासण्या मात्र करून घ्यायला लावल्या. थायरॉइड ठीक निघालं. ड जीवनसत्त्व कमी होतं, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बंद सेटवर काढलेल्या वर्षांनंतर त्याचं नवल वाटलं नाही.

आता माझी चूक सांगते.

तिसऱ्या भेटीत मी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. समुपदेशनातली ही जुनी पद्धत आहे. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं, तो माणूस त्या खुर्चीत बसला आहे असं समजून बोलायचं, मग जागा बदलून त्याच्या बाजूने उत्तर द्यायचं. मी म्हटलं, त्या सुनेला इथे बसव आणि तिचा निरोप घे. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि बोलायला लागली. काय बोलली! आवाज नेमक्या जागी कापला, नेमक्या जागी थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ठीक झालं का? अजून एकदा करू?"

त्या एका प्रश्नाने मला जागं केलं. एकांकिका स्पर्धांतून वर आलेल्या, रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर तोंडपाठ करणाऱ्या मुलीला मी दुःखाची भूमिका करायला सांगितलं होतं. तिने ती चोख केली आणि स्वतः कोरडी राहिली. रडणं हे तिचं कामच होतं. दुःख तिच्यापर्यंत पोहोचायचं तर अभिनयाला जागाच उरणार नाही असं काहीतरी करायला हवं होतं. मी तिला तसंच सांगितलं, की माझं चुकलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

पुढच्या भेटीला मी म्हटलं, फोनमधले फोटो पाहू या. साडेतीन वर्षांत काढलेले हजारो फोटो. ती अंगठ्याने सरकवत होती आणि मी शेजारी बसून पाहत होते. साडी, साडी, साडी. लग्नाच्या ट्रॅकमधली पैठणी, डोहाळजेवणाची हिरवी साडी, कंटिन्युइटीसाठी काढलेले गजऱ्याचे, टिकलीचे, पदराच्या निऱ्यांचे फोटो. मी म्हटलं, यात तुझे कुठले? पुष्कळ वेळ ती सरकवतच राहिली. मग एक सापडला. सेटवरची मांजर, मेकअपच्या खुर्चीत झोपलेली. एक स्पॉटदादांनी आणलेल्या चहाचा. एक पायांचा, वर भरजरी काठ आणि खाली निळ्या रबरी स्लिपर, कारण कॅमेऱ्यात पाय येत नाहीत. आणि एक व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट: गावचं घर, खाटेवर आजी, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत नवरीच्या मेकअपमधली ही.

"त्यानंतर बारा दिवसांनी गेली," ती म्हणाली. "भागांची बँक नव्हती, आधी शूट करून ठेवलेले भागच नव्हते. दहाव्याला अर्धा दिवस मिळाला." पुढे काही बोलली नाही. नाक लाल झालं, चेहरा वेडावाकडा झाला, ओढणीनेच पुसत बसली. सुंदर वगैरे काही दिसत नव्हती. मी गप्प बसून राहिले.

त्या दिवसापासून काम खरं सुरू झालं. मालिकेचं दुःख आणि आजीचं दुःख एकमेकांत इतकं गुंतलं होतं की एकाला हात लावला की दुसरं हलायचं. मालिकेतल्या त्या घरातून तिला कुणी निरोप दिला नव्हता, आणि आपल्या घरातल्या माणसाला निरोप द्यायला ती पोहोचली नव्हती. ती गावी जाऊन आठ दिवस राहिली. आजीच्या खोलीत झोपली. केसही तिथेच, तालुक्याच्या पार्लरमध्ये, खांद्यापर्यंत कापून आली.

प्रेक्षकांबद्दल तिच्या मनात मोठी अपराधी भावना होती. भाजी घेताना एका आजीबाईंनी तिचा गाल कुरवाळून म्हटलं होतं, "तुझ्या सासूने फार छळलं गं तुला." पूर्वी ती हसून नमस्कार करायची. आता घरी येऊन रडली आणि वर स्वतःलाच बोल लावला, की लोक प्रेम करतात आणि मला ते सहन होत नाही. मी तिला सांगितलं की या नात्याचा अभ्यास 1956 सालीच हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडून ठेवला आहे. पडद्यावरचा माणूस रोज घरात येतो, प्रेक्षकाचं त्याच्याशी एकतर्फी नातं जुळतं. ते नातं खोटं नसतं, पण ते तुझ्याशीही नसतं. आपल्याकडे निळू फुल्यांना त्यांच्या खलनायकी भूमिकांपायी बायकांचा रोष सोसावा लागला, तो माणूस खरा किती सरळ होता हे जवळच्यांना ठाऊक होतं. आजीबाई सुनेला कुरवाळत होत्या. हात तेवढा तुझ्या गालावर होता. तिला हे पटलं. एक उत्तरही तिनेच शोधलं: "आजी, ती आता बरी आहे." मला ते फार आवडलं. त्यात खोटं काही नाही आणि समोरच्याचं मनही मोडत नाही.

झोपेसाठी वेगळं काही केलं नाही. उठायची वेळ एकच ठेवली, सात, मग रात्री कितीही वाजता डोळा लागो. उठल्यावर अर्धा तास उजेडात चालणं. रोज रात्री ती स्वतःची कॉल शीट, म्हणजे उद्याच्या कामाचं वेळापत्रक, लिहायची, पण त्यात तीनच सीन घ्यायचे अशी अट होती: एक शरीराचा, एक कामाचा, एक माणसांचा. साडेसातला घरात बसायचं नाही. पहिले काही दिवस ती त्या वेळेला सोसायटीच्या गच्चीवर जाऊन नुसती उभी राहायची. सहाव्या आठवड्यात मला म्हणाली, "काल साडेसात कधी वाजले कळलंच नाही." पीएचक्यू पुन्हा भरून घेतला, सहा आले.

आईशी एकदा स्वतंत्र बोलले. त्यांना म्हटलं, "एवढं नाव मिळालं, मग रडतेस कशाला" हे वाक्य तेवढं बंद करा. त्या वाक्याने रडू थांबत नाही, ते फक्त तुमच्यापासून लपतं. "जेवलीस का" विचारा, शेजारी बसा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ माणूस अंथरूण सोडत नसेल, खाणंपिणं तुटलं असेल, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. मरणाची भाषा एकदा जरी ऐकू आली तर त्याच दिवशी न्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतही बोलता येतं. आईंनी तो क्रमांक चष्मा लावून स्वतःच्या हाताने डायरीत लिहिला.

मध्यंतरी तिला एक काम आलं. वय एकतीस, आणि भूमिका वीस वर्षांच्या मुलीच्या आईची. थोरली सून केली की पुढचं दार बहुतेक इकडेच उघडतं. मला याचा राग येतो आणि तो मी तिच्यापासून लपवला नाही. पण निर्णय तिचा होता. पूर्वीची ती जागच्या जागी हो म्हणाली असती, कारण नाही म्हटलं तर फोन येणं बंद होतं ही भीती या क्षेत्रात प्रत्येकाला असते. आम्ही आधीच ठरवलं होतं की कुठल्याही कामाला दोन दिवस मागून घ्यायचे. तिने मागितले, आणि मिळाले. मग नाही म्हणाली. महिनाभर काहीच आलं नाही आणि तो महिना तिला जड गेला, हे सांगायलाच हवं. त्या महिन्यात आम्ही बसून खर्चाचा हिशेब केला आणि तिने अभिनयाच्या कार्यशाळेत मुलांना शिकवायला सुरुवात केली. इथून पुढे प्रत्येक मालिकेच्या पैशांतून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढायचा, हेही तिनेच ठरवलं.

सध्या ती एका नव्या मालिकेत आहे. भूमिका मुख्य नाही, महिन्याला दहा-बारा दिवस. वकिलाची भूमिका, गळ्यात काही नाही. परवा रात्री साडेनऊला तिचा मेसेज आला: "उद्या सातचा कॉल आहे. झोपते."