जुन्या सागवानाचं सरकतं दार: फुकट किती, विकत किती?

डिचोलीहून एका वाचकांनी लिहिलंय: आईवडिलांमागं पडीक झालेलं मूळ घर यंदा उतरवलं, त्यातली सागवानी दाराची दोन पाखं राखून ठेवली. ती जोडून हॉल आणि देवाच्या खोलीमध्ये सरकतं दार करायचंय. अ‍ॅल्युमिनियमवाल्यानं ४६,००० सांगितले. घरीच सुतार लावून केलं तर १०,१०० होतात: ट्रॅक आणि चाकं ४,५००, सुताराचे तीन दिवस ३,६००, पॉलिश २,०००. खात्यात ४५,००० आहेत, एक लाखाची एफडी आहे, महिन्याचा खर्च २२,०००. गणेशचवथीआधी करून घेऊ का? लागलीच तर एफडी मोडू का? जुनं लाकूड घेणाऱ्यानं पाखांना १४,००० देऊ केले होते आणि दोघी बहिणी लग्न होऊन सासरी आहेत, हे त्यांनी पत्राच्या शेवटी जाता जाता सांगितलंय.

मला मात्र ते शेवटचंच वाक्य महत्त्वाचं वाटलं. तुमच्या हिशेबात लाकडापुढं शून्य आहे. ज्या वस्तूचे उद्या १४,००० हातात येऊ शकतात, ती वापरली तर १४,००० खर्चच झाले. शिवाय ती सगळी तुमची नाही. आपल्याकडं गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी यांचा वारसा सारखाच. वाटणी झालेली नसेल तर त्या लाकडाचे तीन भाग, म्हणजे बहिणींचे मिळून साधारण ९,३३० रुपये. त्या ‘असू दे रे’ म्हणतीलही. पण आधी विचारून म्हणणं वेगळं आणि चवथीला येऊन दार बघितल्यावर म्हणणं वेगळं.

आता दाराचं. सात फूट बाय चार फूट, दीड इंच जाडी, म्हणजे साडेतीन घनफूट. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं तर दार ६५ किलोच्या आसपास जातं. तुम्ही भाव काढलेली चाकं ४० किलो पेलणारी आहेत. मी स्वतः एकदा असलीच हलकी चाकं घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात गंज धरला आणि दार सरकवायला दोन माणसं लागू लागली. तेव्हा स्टेनलेस स्टीलची, १०० किलो पेलणारी घ्या, ९,००० धरा. ट्रॅक भिंतीच्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, ठोकू नका, चिरा ठिसूळ, बोल्ट सैल होतो. लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईच्या, काँक्रीटमध्येच बसवा. जुन्या लाकडातले खिळे काढून रंधा मारायला सुताराचे तीनाचे सहा दिवस होतातच: ७,२००. वाळवीचं औषध आणि पॉलिश ३,०००.

झाले १९,२००, लाकूड धरून ३३,२००. म्हणजे वाचतात १२,८००. तुम्ही धरलेले ३६,००० नव्हेत. तरीही मी दार कराच म्हणेन, कारण तसलं सागवान आज त्या भावात मिळणार नाही आणि ते तुमच्या घरचं आहे.

यंदाच्या चवथीला मात्र नको. रोख बाहेर जाणार १९,२०० अधिक बहिणींचे ९,३३०, म्हणजे खात्यात साडेसोळा हजारही उरत नाहीत. एका महिन्याचा खर्चसुद्धा नाही, आणि चवथीचा बाजार अजून व्हायचाय. एफडी मुदतीआधी मोडली तर बँका सहसा व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, दारासाठी कशाला? पावसात लाकूड फुगतं, तेव्हा घेतलेलं माप दिवाळीनंतर सैल पडतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं जुलैत अडकतं. म्हणून दिवाळीनंतर सुताराला बोलवा आणि बाजूंना थोडी फट ठेवायला सांगा. तोवर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढा. यंदा देवाच्या खोलीला पडदा चालेल, आमच्या घरी वर्षानुवर्षं तोच होता.

लाकूडवाल्याकडं वजनकाटा असेल. पाखं एकदा त्यावर ठेवून घ्या आणि तो आकडा खिशात घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा.