स्पितीतली नोकरी

प्रश्न : काका, तुम्ही हिमाचलातल्या स्पितीत सर्वेक्षणाचं काम केलंत. काय आठवतं? आम्ही जुलैत निघतोय. – एक वाचक, खारघर

उत्तर : कुंझुम खिंड! साडेचार हजार मीटर उंची आणि वारा असा, की ट्रायपॉड दोघांनी धरायचा. तिथल्या देवीला फेरी घातल्याशिवाय आमचा ड्रायव्हर पुढे सरकत नसे. उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. आचाऱ्याशी भांडणं त्यावरूनच. लोसर गावची वाटाण्याची शेतं मात्र डोळे निववायची. इथे ठाण्याच्या नौपाड्यात धो धो पाऊस आणि तिकडे कोरडं ऊन, कारण ढग अलीकडच्या डोंगरांतच अडतात. मनालीऐवजी सिमला-किन्नौरमार्गे जा, उंची हळूहळू अंगवळणी पडते. फक्त किन्नौरात पावसाळी दरडी कोसळतात, तेव्हा दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवा.