१७ अर्ज आणि एकच अक्षर

पत्र मोठं होतं, मी थोडं आवरून देतेय.

"ताई, माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे, दुपारची शाळा. हुशार आहे, पहिल्या पाचात असते. मे महिन्यात सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. मी पोळीभाजी केंद्रात कामाला आहे, सकाळी ७ ते ४, खाडा केला तर ३५० रुपये कापतात. मिस्टर टेम्पोवर असतात, त्यांच्या वेळेचा नेम नाही. सासूबाईंजवळ दिवसा एक मावशी ठेवल्यात पण त्या सारख्या दांड्या मारतात, मग मुलीला घरी थांबावं लागतं. परवा वर्गशिक्षिकेने मला बोलावलं आणि दुसऱ्या दोन बाई तिथे बसलेल्या असताना जूनपासूनचे सगळे अर्ज टेबलावर मांडले. १७ निघाले. अर्ज मुलगीच लिहिते, तिचं अक्षर चांगलं आहे, मी फक्त सही करते. ११ अर्जात ताप, बाकीच्यात पोटदुखी नाहीतर गावाला गेलो. बाई म्हणाल्या नोव्हेंबरअखेर ११२ दिवस शाळा भरली, पोरगी ७१ दिवस आली, असंच चाललं तर नाव कमी करीन. मला फार अपमान वाटला. त्यांना असं नाव काढता येतं का? ७५ टक्क्यांचा नियम आठवीला असतो का? शिक्षण विभागात तक्रार करावी म्हणते. धाकटा मुलगा इंग्लिश मीडियमला आहे, त्याच्या शाळेचं असलं काही झंझट नाही. — एक दुखावलेली आई"

अगं, वयाने मी तुझ्या आईएवढी असेन म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नकोस. आणि धाकट्याचं वाक्य मी वाचलं, दोनदा वाचलं, पण आज त्यावर बोलत नाही, ते वेगळं पत्र आहे आणि ते तू लिहिणार नाहीस हेही मला माहितीये.

आधी तुझे प्रश्न उरकते. नाव काढता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढायचं नाही. बाई रागाच्या भरात बोलल्या, तेवढ्यापुरतं त्यांचं चुकलं. ७५ टक्क्यांची अट बोर्डाची, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. तुझी पोर आठवीत आहे. झालं समाधान?

मला नाही झालं. कारण हे उत्तर मिळालं की तू निर्धास्त होशील, आणि मला तुला निर्धास्त करायचं नाहीये.

तुझ्या अख्ख्या पत्रात मी एकाच वाक्याला अडकले, जे तू दोन पूर्णविरामांच्या मधे ठेवून पुढे निघून गेलीस. अर्ज मुलगीच लिहिते, तिचं अक्षर चांगलं आहे, मी फक्त सही करते.

जरा बघ काय होतं ते. रात्री नऊ-साडेनऊला मावशींचा फोन येतो की उद्या जमत नाही. तू भांडी घासतेयस, मिस्टर आलेले नाहीत. आणि तेरा वर्षांची पोर दप्तरातून वही काढून मधलं पान अलगद सोडवते, दोन्ही बाजूचं, फाटल्यासारखं दिसू नये म्हणून, आणि लिहायला बसते. प्रति, माननीय वर्गशिक्षिका. विषय, रजा मिळण्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून. हे तिला येतं, आठवीच्या पत्रलेखनात हेच असतं, पैकीच्या पैकी मिळत असतील. मग कारणाची ओळ येते आणि तिथे ती थांबते. मागच्या वेळी ताप लिहिला होता, त्याच्या आधीही ताप, आता लागोपाठ तिसऱ्यांदा ताप कसा लिहायचा, म्हणून पोटदुखी. हे तिने ठरवलं. तू नाही ठरवलंस, तू फक्त सही केलीस. खाली शेवटी, आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी. घरातही आज्ञाधारक आणि शाळेतही आज्ञाधारक, आणि दोन्ही आज्ञा एकाच दिवशी पाळायच्या तर मधे एक खोटी ओळ लागते, ती ओळ लिहायचं काम तुम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर टाकलंय.

खोटं बोलू नये वगैरे मी सांगत नाहीये, आयुष्यात कोण बोलत नाही. पण या घरात खाडा नेमका कुणाचा पडतो ते बघ ना. मावशी आल्या नाहीत, खाडा मावशींचा. तू कामावर गेलीस कारण ३५० रुपये जातात. मिस्टर गेले कारण गाडी उभी ठेवून चालत नाही. आणि मावशींचा खाडा शाळेच्या कॅटलॉगमध्ये तुझ्या पोरीच्या नावासमोर पडला, कारण तिचा दिवस कुणी कापत नाही. सरकारी शाळा, फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी फुकट, मग दिवससुद्धा फुकटच वाटायला लागतो. ११२ मधून ७१ गेले, असे ४१ दिवस झाले. तुझ्या दराने हिशोब केला तर १४,३५० रुपये होतात. मी उगीच केला, मला राग आला की मी गुणाकार करते.

आता तुझ्या त्या बाई. माझ्या लहानपणचं सांगते. चौथीत असताना मी एकदा स्वतःच अर्ज लिहून नेला होता, आई आजारी असल्यामुळे येऊ शकले नाही, आणि आजारी मधल्या री ला ऱ्हस्व वेलांटी दिली होती. गुरुजींनी लाल पेनाने वेलांटी दुरुस्त केली आणि अर्ज परत दिला. बस. आई खरंच आजारी होती, दवाखान्यात होती, मी तीन दिवस शेजाऱ्यांकडे जेवत होते, गुरुजींनी वेलांटी बघितली. वाईट नव्हते हो, चांगले होते, पण त्यांनी वेलांटी बघितली. तुझ्या मुलीच्या बाईंनी १७ कागद जूनपासून फाईलला लावून ठेवले, अक्षर ओळखलं, तारखा मोजल्या आणि तुला बोलावलं. दुसऱ्या बाई बसलेल्या असताना बोलावलं हे वाईट केलं, त्यांनी तुला एकटीला बाजूला घ्यायला हवं होतं. पण तू तक्रार करायला निघालीस ती बरोबर त्या माणसाची जिने वाचलं.

आणि दुसरं काय सोपं होतं त्यांना, ते पण ऐक. सरळ हजर मांडायचं. पट दिसतो, टक्केवारी चांगली दिसते, वरून फोन येत नाही. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सगळ्या शाळांची एकदम पटपडताळणी झाली होती तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली पोरं किती निघाली ते सगळ्या राज्याने बघितलं. या बाईंनी ४१ वेळा गैरहजर मांडलं. खरं मांडलं. पालकांना भेटून मुलाच्या हजेरीविषयी सांगत राहायचं हे शिक्षण हक्क कायद्यातच शिक्षकांचं काम म्हणून दिलंय, म्हणजे तुला बोलावणं हा त्यांचा आगाऊपणा नव्हता, ती त्यांची ड्यूटी आहे. तक्रार केलीस तर तिकडे हेच सांगतील, आणि मग ते १७ अर्ज तिथल्या टेबलावर मांडले जातील.

अजून एक गोष्ट आहे जी तुला माहीत असायचं कारण नाही. आपल्याकडे मूल सलग महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर राहिलं की ते शाळाबाह्य धरतात, मग सर्वेक्षणात येतं, शिक्षक घरी जातात, धावपळ होते. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं पोर त्या यादीत सापडतं. तुझी पोर दोन दिवस नाही, मग चार दिवस आहे, मग एक दिवस नाही. सलग कधीच नाही. वरून हुशार, पहिल्या पाचात, म्हणजे निकालातही दिसत नाही. ती कुठल्याच यादीत कधीच येणार नाही. तिला पकडणारी एकच यादी होती, ती म्हणजे बाईंची फाईल.

हुशार आहे म्हणून निभावतंय. आठवीपर्यंत कायदा पाठीशी आहे, तोही आता पूर्वीसारखा मऊ नाही, पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून आपल्याकडे वार्षिक परीक्षा आहे आणि फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसवतात. पण ते सोड, ती पास होईल. दहावीचं बघ. वर्षाला साधारण २२० दिवस धर, ७५ टक्के म्हणजे १६५, हातात उरले ५५. या वर्षीचे ४१ तुम्ही नोव्हेंबरातच संपवलेत. बोर्ड आजारपणासाठी सूट देतं पण डॉक्टरचा कागद मागतं, आणि ११ तापांपैकी एकाचा तरी कागद आहे का तुझ्याकडे? नसणार, ताप नव्हताच. आणि पोटदुखी! तेरा वर्षांच्या मुलीच्या अर्जात पोटदुखी वाचली की कुठलीही बाई त्याचा एकच अर्थ लावते आणि गप्प बसते. उद्या खरंच दुखलं, वर्गात बसवेना इतकं दुखलं, तर ते सांगायला तिच्याकडे शब्द उरलेला नाही, तो तिने आजीसाठी वापरून टाकलाय.

म्हणून तू एकच करायचं. यापुढे अर्ज तू लिहायचा. तुझ्या हाताने, आणि कारण खरं.

मला दिसतंय तू काय म्हणशील. माझं अक्षर वाईट आहे. तुझं पत्र माझ्याकडे आलंय ते कुणीतरी टाईप करून दिलेलं आहे, आणि कुणी ते मला कळलंय, खुब्याचं आणि ऑपरेशन दोन्ही इतकं नेटकं कुठलीही दमलेली बाई रात्री अकराला टाईप करत नाही. म्हणजे बाईंची तक्रारसुद्धा तू त्याच पोरीकडून लिहून घेतलीस. हे लिहिताना माझा हात थांबला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तीच तुला वाचून दाखवणार आहे, तर बाळा, इथपर्यंत वाचलंस ना, आता फोन आईच्या हातात दे आणि आत जा.

गेली? बरं.

तुझं शिक्षण किती झालं ते तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. पण अक्षराची लाज कुठून येते ते मला ठाऊक आहे, कुणीतरी कधीतरी तुलाही घरी ठेवलं असणार, धाकट्या भावंडासाठी किंवा कापणीसाठी, आणि तेव्हा पण तुझा दिवस कुणी कापला नसणार. तू काही दुष्ट नाहीस गं. सासूचं सगळं करतेस, पहाटे उठतेस. पण पोरीचा दिवस तू ज्या सहजतेने देऊन टाकतेस ती सहजता मला सहन होत नाहीये.

खरं कारण स्वतःच्या हाताने लिहायला घेतलंस की काय होईल सांगू? पहिल्यांदा लिहिशील. दुसऱ्यांदा पेन उचलायला जड जाईल. तिसऱ्यांदा तू तो कागद लिहिण्यापेक्षा मिस्टरांना फोन लावशील की उद्या टेम्पो उभा, आईजवळ तुम्ही बसा, आई तुमची आहे. किंवा दुसरी मावशी बघशील. मला काही उपाय सुचवायची गरज नाही, तुला सगळे माहीत आहेत, आजवर एक फुकटचा उपाय हाताशी होता म्हणून बाकीचे महाग वाटत होते. पालक म्हणून मिस्टरांची सही पण चालते बरं का, त्यांनाही लिहू दे एखादा.

सोमवारी कामावरून सुटलीस की तशीच शाळेत जा, चारला सुटतेस, शाळा तेव्हा चालूच असेल. पोळ्यांचं पीठ हाताला असलं तरी असू दे. बाईंना म्हण एक कागद द्या, आणि त्यांच्यासमोर बसून लिही, मागच्या ४१ दिवसांचा मिळून एकच:

"बाई, माझ्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. त्यांच्याजवळ थांबायला कुणी नसतं म्हणून मी मुलीला घरी ठेवत होते. तिला ताप नव्हता."

मायना चुकला तर चुकू दे. खुब्याचं लिहिताना अडलीस तर बाईंना विचार, पोरीला विचारू नकोस.