टेनिसचं वर्ल्ड टायटल गेलं कुठे?

प्रश्न : बुद्धिबळात, बॅडमिंटनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन असतो, टेनिसमध्ये का नाही? आणि अँथनी वाइल्डिंगने 1913 साली एका वर्षात तीन वर्ल्ड टायटल जिंकली असं वाचलं, ती कुठली? त्यातली हार्ड कोर्टवाली तर मातीवर झाली म्हणे!

उत्तर : मातीचं आधी सांगतो, कारण त्यात भलेभले फसतात. तेव्हा लॉन टेनिस म्हणजे हिरवळीवरचा खेळ, मग गवत नसलेलं मैदानी कोर्ट ते सगळं हार्ड, माती असली तरी. म्हणून पॅरिसजवळ सँ-क्लूला 1912 पासून लाल मातीवर जी स्पर्धा व्हायची तिचं नाव वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप. आता जी फ्रेंच ओपन आहे ती वेगळी हं, ती 1891 ची आणि 1925 पर्यंत फक्त फ्रेंच क्लबांच्या मेंबरांसाठी होती, म्हणजे तोवर इंटरनॅशनल म्हणायची सोयच नव्हती.

बरं, 1913 च्या मार्चमध्ये पॅरिसला इंटरनॅशनल फेडरेशन स्थापन झालं आणि त्यांनी वर्ल्ड टायटल वाटून टाकली, गवतावरचं विम्बल्डनला, हार्ड कोर्टचं पॅरिसला आणि तिसरं छपराखालच्या कोर्टांचं. न्यूझीलंडच्या वाइल्डिंगने त्याच वर्षी तिन्ही मारली. बिचारा दोनच वर्षांनी पहिल्या महायुद्धात गेला.

पण भांडण लागलं ते नावावरून. विम्बल्डनला वर्ल्ड म्हणायचं म्हणजे अमेरिकेची स्पर्धा आपोआप दुय्यम ठरते ना, त्यामुळे अमेरिकावाले फेडरेशनमध्ये आलेच नाहीत, आणि अमेरिका नसताना जगज्जेता ठरवायचा हे मला तरी हास्यास्पदच वाटतं. शेवटी 1923 मध्ये तोडगा निघाला, वर्ल्ड हा शब्दच काढून टाकायचा आणि ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या चौघांच्या स्पर्धांना सारखा अधिकृत दर्जा द्यायचा. आजच्या ग्रँड स्लॅमच्या चार स्पर्धा त्या याच. म्हणजे टायटल हरवलं नाही, वाटणीत गेलं.

प्रश्न : मग डेव्हिस कपला कधी वर्ल्ड का म्हटलं नाही?

उत्तर : कारण सुरुवातीला ती दोन देशांची मॅच होती. 1900 साली बॉस्टनच्या लाँगवुड क्लबवर अमेरिकेने ब्रिटिश बेटांच्या टीमला 3-0 हरवलं, 1901 मध्ये तर मॅचच झाली नाही. बेल्जियम आणि फ्रान्स 1904 मध्ये आले, मग 1905 मध्ये ऑस्ट्रेलेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून एक टीम, आणि 1907 मध्ये कप त्यांनीच नेला, त्या टीममध्ये पण वाइल्डिंग होताच. कागदावरचं नाव इंटरनॅशनल लॉन टेनिस चॅलेंज, पण चांदीचा कप ड्वाइट डेव्हिस या हार्वर्डच्या पोराने स्वतःच्या पैशाने दिला होता, त्यामुळे लोक डेव्हिस कपच म्हणायला लागले आणि मूळ नाव कागदावरच राहिलं.