जुनी ओम्नी घाटात हीट होते, मिस्त्री म्हणतोय फुल इंजिन (म्हणजे सगळं इंजिन उघडून दुरुस्त) करा. करावं का?

अजिबात नाही, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलंय की २००७ ची एलपीजीवाली ओम्नी आहे, ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात टेंपरेचरचा काटा वर चढतो, पाणी सारखं कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही, सकाळी स्टार्ट केली की थोडा वेळ मिसिंग करते (एखादा सिलेंडर पेट न घेता धडधडते) आणि मग नीट चालते, आणि मिस्त्रीने २८ हजार सांगितलेत. यात त्याने कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) घेतलं का, स्पार्क प्लग काढून बघितले का, याचा एक शब्द नाही. न बघता फुल इंजिन सांगणाऱ्याला गाडी देऊ नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरी केटरिंगच्या सामानासाठी ओम्नीच होती आणि तिचं हेड उतरलेलं मी शेजारी बसून बघितलंय, म्हणून लिहितोय.

आधी पाणी जातं कुठे ते शोधा. सकाळी मिसिंग आणि नंतर ठीक, याचा बहुतेक वेळा अर्थ असा की रात्रभर थोडं थोडं पाणी एका सिलेंडरमध्ये उतरतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय. बघायचं असेल तर रात्री गाडी गरम असताना उभी करा, सकाळी स्टार्ट न करता पुढची सीट उचला आणि तिन्ही प्लग काढा. दोन प्लग नेहमीसारखे तपकिरी आणि एक ओला किंवा धुतल्यासारखा चकचकीत निघाला तर तोच सिलेंडर पाणी पितोय. मग प्लग लावून, इंजिन थंड असतानाच, रेडिएटरची कॅप काढून स्टार्ट करा आणि आत बघा. सुरुवातीला दोनचार बुडबुडे येतात ते सोडून द्या, पण रेस दिल्यावर सतत येत राहिले तर सिलेंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. गरम इंजिनची कॅप मात्र कुणी कितीही सांगितलं तरी उघडू नका, वाफेने हात आणि तोंड दोन्ही भाजतं.

ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखं काही दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, थंडीत जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की तिथे नुसत्या ओलाव्यानेसुद्धा पांढरं जमतं. डिपस्टिकवर तसं आलं तर मात्र गाडी हलवू नका, तसं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं आणि मग खरंच फुल इंजिन होतं.

आता तुमची गाडी एलपीजीची आहे म्हणून एक गोष्ट, जी बरेच मिस्त्री विसरतात. गॅस किटच्या रिड्यूसरमध्ये लिक्विड गॅसची वाफ होते, त्याला उष्णता लागते, आणि ती इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते, म्हणून पाण्याचे दोन पाइप तिकडे गेलेले असतात. रिड्यूसरच्या आतलं सील गेलं तर पाणी गॅसच्या बाजूला येऊन सरळ इंजिनमध्ये ओढलं जातं, बाहेर थेंब नाही आणि लक्षणं थेट गॅस्केटसारखी! तेव्हा गॅस बंद करा, गॅसवाल्याकडून ते दोन पाइप रिड्यूसरवरून काढून एकमेकांना जोडून घ्या आणि थोडे दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पाणी कमी व्हायचं थांबलं तर हेड उघडायची गरजच नाही, रिड्यूसर रिपेअर करा. आणि गॅसवर चालताना रिड्यूसरवर बर्फ धरत असेल तर तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नाहीये, म्हणजे पाणी कमी आहे किंवा एअरलॉक (पाइपात हवा अडकलेली) आहे.

हे सगळं करूनही गॅस्केटच निघालं तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, गेज कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये असतो. तिन्ही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर मधलं गॅस्केट जळालंय. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह (गॅसच्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, ते असू शकतं). रिंगा आणि बोर (सिलेंडरची आतली भिंत) ठीक असतील तर खालचं इंजिन उघडायचं काहीच कारण नाही, नुसतं हेडचं काम करा.

आमच्या गाडीचं हेड उतरवलं तेव्हा दोन नंबर आणि तीन नंबरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट काळं पडून तुटलेलं होतं, जेमतेम नखाएवढी जागा, आणि तेवढ्यासाठी गाडी घाट चढत नव्हती. या ७९६ सीसी इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, हीट झाली की हेड वाकतं. म्हणून नुसतं नवं गॅस्केट टाकून बसवू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं, ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट) करावंच लागतं. बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने कसायचे. मिस्त्री म्हणाला की हाताला अंदाज आहे, तर दुसरा मिस्त्री बघा.

पार्ट इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत मिळतात, पण गॅस्केट आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) ओरिजिनलच घ्या. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. तो काढला की थंडीत इंजिन पुरेसं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि खरा फॉल्ट झाकला जातो. जुना तपासायचा तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, पाणी उकळायच्या बरंच आधी उघडायला पाहिजे. रेडिएटरची कॅपसुद्धा बदला. त्यावर ०.९ लिहिलेलं असतं, तेवढा दाब धरला तर पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, रबर सैल झालं की हा फायदा गेला. घाटात स्पीड नसल्यामुळे हवा फॅनचीच, तेव्हा फॅन आपोआप सुरू होतो का तेही बघा. आणि बोअरिंगचं पाणी टाकू नका, माळव्यातलं बोअरिंगचं पाणी जड असतं, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो. रेडीमेड कूलंट टाका.

काट्यावरही पूर्ण विश्वास नको. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली दिसतो.

भंगारात द्यायचं म्हणाल तर ओम्नी २०१९ ला बंद झाली, सामान आणि माणसं दोन्ही नेणारी इतकी साधी गाडी परत मिळणार नाही. बॉडी सडलेली नसेल तर ठेवा असंच मी म्हणेन. फक्त २०२७ ला रजिस्ट्रेशन परत रिन्यू होईल आणि २० वर्षांवरच्या गाडीची फी आता १० हजार झालीय, ती हिशोबात धरा.

प्लगचा फोटो आणि कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे इथे टाका, मग बघून सांगतो.